जावाचा खंजीर आणि कराडची चिंच

इंग्लंडहून परत आलेल्या माणसाला आमच्या कराडात दोनच प्रश्न विचारतात. थंडी सोसली का, आणि राणी दिसली का? थंडी सोसली. राणी दिसली नाही, आणि मी दिसलो नाही म्हणून तिचंही काही अडलं नसावं. पण खरं सांगण्यासारखं घडलं ते तिसरंच, आणि ते विचारायचं कुणाला सुचत नाही. एका शेजारणीचा वडिलोपार्जित खंजीर मी तिथे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये चिंचेने घासला, हे कुणाच्या मनात तरी कसं यावं? आता सगळं निस्तरलं आहे, झोपही नीट लागते, म्हणून लिहायला बसलो.

साउथहॅम्प्टन : कुंपणापलीकडे

२००६च्या सप्टेंबरात मी आणि नलू आमच्या लेकीकडे, मुग्धाकडे, साउथहॅम्प्टनला तीन महिन्यांसाठी गेलो. मुग्धा तिथे डॉक्टर. जावई कामासाठी आठवड्यातले बरेच दिवस एडिंबराला. म्हणजे सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. चित्रकलेच्या मास्तराला रिकामा वेळ मिळाला की तो दुसऱ्यांच्या वस्तू न्याहाळायला लागतो. दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावणं ही त्याच्या पुढची पायरी.

गाव बंदराचं. आमच्या रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली क्रेनच्या माना दिसतात. पहिल्याच आठवड्यात मी तिथे उभा असताना दोन घरांच्या मधून एक दहा मजली पांढरी इमारत शांतपणे सरकत निघाली. मी जोरात ओरडलो, "नलू, बिल्डिंग चालली!"

"अहो, बोट आहे ती. क्रूझची. आणि ओरडू नका, इथे कुणी ओरडत नाही," नलू म्हणाली.

शेजारच्या कुंपणाआडून कुणीतरी खुदकन हसलं. एक ठेंगणी, गव्हाळ, पांढऱ्या केसांची म्हातारी गुलाबाला कात्री लावत होती. तिला मराठी कळलं नव्हतं, पण माझा हात कुठे होता ते दिसलं होतं.

"मीसुद्धा पहिल्यांदा अशीच ओरडले होते," ती इंग्रजीत म्हणाली. "माझा नवरा त्या बोटींवरच इंजिनिअर होता. तो आठवडाभर हसत होता."

या मिसेस बार्नेट. मूळच्या जावा बेटावरच्या सेमारांग गावच्या, माहेरचं नाव रिनी. वडील जावाचे, आई तिथेच तीन-चार पिढ्या रुळलेल्या चिनी घरातली. वय सत्त्याहत्तर. आम्ही त्यांना पाठीमागे रिनीबाई म्हणायला लागलो, आणि एकदा मी चुकून तोंडावर म्हणालो तेव्हा त्यांना ते इतकं आवडलं की पोस्टमनलाही त्यांनी तसंच म्हणायला लावलं. तो बिचारा "रीनीबाय" म्हणायचा.

रिनीबाईंच्या हाताला चव होती. दाण्याच्या कुटाची एक दाटसर तिखट-गोड आमटी त्या उकडलेल्या भाज्यांवर ओतत. नलूने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हिला कुणीतरी सोलापूरची चटणी दाखवलीय." मग नवरात्र बसलं. नलूचे नऊ दिवसांचे उपास. मी उपास करत नाही, पण मांस-मासे नऊ दिवस वर्ज्य. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून एक ताटली आली. कुरकुरीत गुंडाळ्या, आत बांबूचे कोवळे कोंब. सेमारांगची खासियत. चिनी लोकांनी आणली, जावाच्या लोकांनी गोड केली आणि आता ती कुणाची हे विचारलं तर दोघंही भांडतात, असं रिनीबाई म्हणाल्या. मी तीन खाल्ल्या आणि मग विचारलं, कोंबाबरोबर आणखी काय आहे?

"कोळंबी," रिनीबाई म्हणाल्या.

नलूने माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात मी ती नजर ओळखतो. तिचा अर्थ, घरी चला.

ठेव

रिनीबाईंच्या गुडघ्याचं उन्हाळ्यात ऑपरेशन झालं होतं, चालायला अजून काठी लागे. अष्टमीला, म्हणजे शनिवारी, त्यांनी मला बोलावलं. टेबलावर पिवळ्या रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते आधी कपाळापाशी नेलं, मग उघडलं.

जावाचा खंजीर. त्याला केरिस म्हणतात. आमच्याकडचा बिचवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पात्याची नागमोड सांगायला नको, पण बिचवा याच्यापुढे धसमुसळा वाटेल. पातं काळंभोर, आणि त्या काळ्यावर पांढुरक्या ठिपक्यांची, रेषांची नक्षी. ती वर काढलेली नव्हती, धातूच्या आतूनच उमटलेली होती. "या नक्षीला आमच्याकडे सांडलेले तांदूळ म्हणतात," रिनीबाई म्हणाल्या. खरंच, काळ्या फरशीवर कुणाच्या हातून सूप निसटावं तशी.

पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, बोटाच्या पेराएवढा सोन्याचा सिंह बसलेला. आयाळीच्या गुंडाळ्या ढगांसारख्या. जबडा उघडा, आणि जबड्यात सोन्याची गोळी. लाकडी म्यानावर चांदीचं नळकांडं चढवलेलं, त्यावर फुलं आणि पुन्हा तेच गुंडाळलेले ढग. चांदी काळवंडलेली होती. मला वाटलं, सगळंच काळवंडलेलं आहे. इथेच माझी पहिली चूक झाली, पण ती मला रविवारपर्यंत कळायची नव्हती.

"सोमवारी लंडनला एका म्युझियममधल्या तज्ज्ञ बाई हा बघणार आहेत. चार महिने वाट पाहिली तेव्हा ही वेळ मिळाली," त्या म्हणाल्या. "आणि मला जिना उतरता येत नाही."

"मी नेतो की! हा तर माझा विषय."

माझा विषय म्हणजे इयत्ता आठवीचं संकल्पचित्र. पण मास्तराला 'मला येत नाही' हे वाक्य पाठच नसतं.

"काय विचारायचं ते नीट ऐका," रिनीबाई म्हणाल्या. त्यांचा थोरला भाऊ हॉलंडमध्ये असतो, ऐंशीच्या पुढचा. "तो आयुष्यभर एकच म्हणत आला. केरिस वडिलांचा, म्हणजे जावाचा. त्याला चिनी हात लागलेलाच नाही."

"आणि तुमची आई?"

"आई म्हणायची, सिंह माझ्या वडिलांनी घडवला, म्यानाची चांदीही त्यांचीच. ते सेमारांगमध्ये सोनार होते. जावाची मोठी मोठी माणसं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून असायची. जेवायच्या टेबलावर आईने हे काढलं की भाऊ हसायचा. पाहुण्यांसमोरसुद्धा. आई मरेपर्यंत सांगत राहिली, तो हसत राहिला." त्यांनी सिंहावरून अंगठा फिरवला. "ती बढाई मारत होती की खरं सांगत होती, एवढंच मला कळायला हवंय. मला आणि त्याला. दोघांकडेही आता फार वेळ नाही."

मी केरिस छातीशी धरून कुंपण ओलांडलं.

खंडेनवमी

आता हा दैवदुर्विलास बघा. घरात परक्याचं शस्त्र, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मुग्धाच्या देवघरापुढे नलूने पाट मांडला होता. त्यावर मुग्धाचा स्टेथोस्कोप, जावयाचा पेचकस, माझे ब्रश, भाजीची सुरी. सगळी घरगुती, निरुपद्रवी आयुधं. मी म्हणालो, "खरं शस्त्र घरात असताना पेचकसाची पूजा करायची?"

"दुसऱ्याची ठेव आहे. हात लावू नका," नलू म्हणाली.

"पूजाच करायचीय, हळदकुंकू लावायचं."

"नुसतं हळदकुंकू."

"बरं, नुसतं हळदकुंकू."

पण शस्त्र मळकं ठेवून पूजतात का? घरातली समईसुद्धा आपण आदल्या दिवशी घासतो. मुग्धा ड्यूटीवर होती. नलू नैवेद्याच्या पुरणाला लागली. मी तिच्या पिशवीतून रिठे घेतले, जे ती रेशमी साड्यांसाठी कराडहून घेऊन आली होती, आणि आमटीसाठी आणलेल्या चिंचेचा लिंबाएवढा गोळा भिजत घातला. जुना टूथब्रश सापडला. पात्याला रिठ्याचा फेस, मग चिंचेचा कोळ, मग पुन्हा फेस. चांदीच्या म्यानाला मात्र हात लावला नाही. ते नंतर करू म्हटलं.

काळं निघायला लागलं! काय आनंद झाला म्हणून सांगू. पाणी शाईसारखं वाहत होतं आणि मी आईच्या वेळचा तांब्या घासताना म्हणायचो ते म्हणत होतो, "बघा, बघा, कसं उजळतंय." अर्ध्या तासात पातं नव्या स्टीलच्या पळीसारखं लखलखीत. मी ते अभिमानाने खिडकीपाशी धरलं.

तांदूळ नव्हते.

डोळे चोळले, चष्मा पुसला, पातं कलतं करून पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरा पांढरा लोखंडी रंग. रंग काळा होता म्हणूनच पांढरी नक्षी दिसत होती, हे चौतीस वर्षं पोरांना 'पार्श्वभूमीचं महत्त्व' शिकवणाऱ्या माणसाला त्या क्षणी उमगलं. शेकडो वर्षांचा काळा मी मळ समजून नळाखाली सोडला होता. आणि सिंहापाशी कुठे सोनाराची बारीकशी खूण असलीच, तर तीही त्याच टूथब्रशखालून गेली होती.

नलू मागे येऊन उभी राहिली होती.

"अहो, त्यावर नक्षी होती ना?"

"होती."

"मग?"

"सांडलेले तांदूळ मी भरले," मी म्हणालो. विनोद करायचा माझा इरादा नव्हता. तोंडातून तेच आलं.

ती रागावली नाही. त्याचंच जास्त भय वाटलं. संध्याकाळी मुग्धा आली, पातं पाहिलं आणि खुर्चीत बसली. "बाबा, तुम्ही अँटीक वस्तूला चिंच लावलीत? सीरियसली? हे लोक अशा गोष्टी कॉटन ग्लव्हजनी हॅंडल करतात!"

"रिनीबाईंना आत्ताच सांगून येऊ का?"

"नको! आधी एक्स्पर्टला दाखवा. रिपेअर होण्यासारखं आहे का ते कळू दे. उद्याची अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका, प्लीज."

डॉक्टरांची हीच पद्धत. आधी तपासणी, मग नातेवाइकांना कल्पना.

सीमोल्लंघन

दसऱ्याला माणसाने शस्त्र घेऊन गावाची सीमा ओलांडावी. मी ओलांडली, साउथहॅम्प्टन ते लंडनचं वॉटर्लू स्टेशन, परतीच्या तिकिटासह. केरिस जावयाच्या बॅडमिंटनच्या बॅगेत, पिवळ्या रेशमात आणि वर नलूच्या जुन्या शालीत. म्युझियमचं पत्र खिशात. मागच्याच वर्षी लंडनच्या गाड्यांत स्फोट झाले होते, त्यामुळे दाढीविना का होईना, पण गव्हाळ माणसाने पाठीवर खंजीर टाकून लंडनला जाणं हे पत्राशिवाय करण्यासारखं काम नव्हतं.

विंचेस्टरनंतर बाहेर हिरवी उतरण, तिच्यावर मेंढ्या, आणि प्रत्येक मेंढीच्या तोंडावर 'तू काय करून बसलास' असा भाव. समोर लाल जर्सीतला एक गृहस्थ येऊन बसला. बॅगेकडे पाहून त्याचा चेहरा उजळला.

"खेळता?"

"थोडंफार," मी म्हणालो. नाही म्हणालो असतो तर बॅगेत काय, हा प्रश्न आला असता.

"सिंगल्स की डबल्स?"

"मिक्स्ड," मी म्हणालो, कारण घरात मी आणि नलू दोघंही असतो.

पुढची पंधरा मिनिटं त्याने त्याच्या क्लबातल्या एका प्रतिस्पर्ध्याचा बॅकहँड मला हातवारे करून समजावला. मग ओणवून म्हणाला, "तुमची रॅकेट कुठली? बघू का जरा? मी नवी घ्यायच्या विचारात आहे."

"मॅचआधी आम्ही बाहेर काढत नाही," मी म्हणालो. "आमच्यात अशुभ मानतात."

त्याने आदराने हात मागे घेतला. "आज मॅच? कुणाविरुद्ध?"

"म्युझियमच्या बाईंविरुद्ध," माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने वर्तमानपत्र उघडलं. वॉटर्लूला उतरताना मात्र त्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "नेटजवळ राहा. घाबरून मागे जाऊ नका."

त्या दिवशी मला मिळालेला तो एकमेव धीर.

तळघरातल्या फळ्या

म्युझियमच्या दर्शनी दालनांत माझं काही काम नव्हतं. एका बाजूच्या दाराने मला तळघरात नेलं. तिथे लांबच लांब कपाटं, प्रत्येकाला उथळ फळ्या, आणि एक उंच, कृश, बारीक केसांच्या बाई. नाव मिस वॉरन. त्यांनी हातमोजे घातले, शाल सोडली, रेशीम सोडलं, म्यानातून पातं काढलं.

"ओह," त्या म्हणाल्या. मग पातं उजेडात धरून, "इंटरेस्टिंग."

इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की आपण खुर्चीचा आधार घ्यावा. मी घेतला.

"कुणीतरी अगदी मन लावून साफ केलेलं दिसतंय."

बॅगेच्या बंदाशी खेळत मी मनात तीन खोटी वाक्यं जुळवली. रिनीबाईंच्या घरचीच पद्धत असेल. मला मिळाला तेव्हा असाच होता. कदाचित मोलकरीण. मग नेटजवळ राहा हे आठवलं.

"मीच," मी म्हणालो. "काल. आमच्यात या दिवशी शस्त्रांची पूजा असते. मला वाटलं, मळ आहे."

"कशाने साफ केलंत?"

"चिंच. आणि..." रिठ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. "एक फळ असतं. वाळलेलं. त्याचा फेस येतो. केस धुतात, रेशीम धुतात."

मिस वॉरन वळल्या, एक फळी ओढली आणि काचेच्या छोट्या बरणीतून चार काळपट तपकिरी गोळे माझ्या हातावर ठेवले. "हे?"

रिठे! लंडनच्या तळघरात, कराडच्या बाजारातून आत्ता उचलावेत तसे.

"जावात याला लेराक म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. "वर्षातून एका ठरावीक महिन्यात तिथे केरिस धुतात. आधी आंबट रस आणि लेराकने घासून पातं पांढरं करतात. अगदी पांढरं. मग सोमल आणि लिंबाच्या रसाने त्याला पुन्हा काळं चढवतात. लोखंड काळं होतं, त्यातला दुसरा धातू पांढरा राहतो, नक्षी वर येते. नक्षी पात्याच्या घडणीतच असते, मिस्टर... ती धुऊन जात नाही. ती आत्ता दिसत नाहीये, एवढंच."

"म्हणजे मी..."

"तुम्ही अर्धा विधी केलात. बिनचूक, पण अर्धा."

मी खुर्चीत बसलो. मुग्धाच्या भाषेत सांगायचं तर रिपोर्ट नॉर्मल आला होता.

"उरलेला अर्धा घरी करू नका," त्या घाईघाईने म्हणाल्या. "सोमल म्हणजे आर्सेनिक. हॉलंडमध्ये एक कारागीर आहे, त्याच्याकडे पाठवू. आणि कृपा करून पुन्हा टूथब्रश वापरू नका."

जीव भांड्यात पडल्यावर मला रिनीबाईंचा प्रश्न आठवला. सिंह कुणी घडवला?

मिस वॉरननी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. माझ्या ब्रशाने सोन्याचं काही बिघडलं नव्हतं, आणि पुसून जाण्यासारखी खूणही तिथे कधी नव्हती. "सिंहावर कुणाची सही नाही," त्या म्हणाल्या. "तोंडात गोळी, ढगासारखी आयाळ, हे चीनच्या देवळाबाहेरच्या सिंहाचं रूप. पण ते जावात येऊन इतकं मुरलंय की जावाचा सोनारही हेच घडवेल." त्यांनी फळ्या उघडून दाखवल्या. जावाच्या उत्तर किनाऱ्याचं एक कापड, निळ्यावर निळे थर चढवत काढलेले ढग, थेट चिनी चित्रातले. लाल लाखेने रंगवलेलं एक म्यान. एका लुगड्यावर चिनी पक्षी आणि जावाची वेल, एकमेकांत अशी गुंतलेली की पक्ष्याचं शेपूट कुठे संपतं आणि पान कुठे सुरू होतं ते मला, व्यावसायिक माणसाला, सांगता येईना. आपणही लोणचं पिढ्यान्‌पिढ्या चिनीमातीच्या बरणीत घालतो आणि बरणीला तिचं गाव विचारत नाही, तसंच हे.

"गंमत म्हणजे सिंह ना जावात होता ना चीनमध्ये," मिस वॉरन म्हणाल्या. "दोघांनी तो मुळात ऐकीव घेतला, बराचसा तुमच्या बाजूने."

"म्हणजे मूळ सिंह आमचाच!" माझी छाती आपोआप पुढे आली.

"तुमच्याकडून निघाला तेव्हा त्याच्या तोंडात गोळी नव्हती," बाई म्हणाल्या. मी छाती मागे घेतली.

मग त्यांनी म्यान घेतलं. लाकडावरचं चांदीचं नळकांडं हळूहळू, मिलिमीटर मिलिमीटरने, खाली सरकवलं. याला मी नंतर करू म्हणून हात लावला नव्हता. आयुष्यात आळस कामाला आल्याचं ते एकमेव उदाहरण. नळकांडं सुटलं. आतल्या कडेला, जिथे लाकूड चांदीला टेकतं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा चौकोनी शिक्का होता. त्यात एक चिनी अक्षर.

"चिनी सोनाराच्या दुकानाचा शिक्का," त्या म्हणाल्या. "चांदी नक्की चिनी हातची. पण कुठल्या गावच्या, कुठल्या सोनाराची? अशी दुकानं खूप होती. याच शिक्क्याची दुसरी वस्तू समोर ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही."

फोटो काढून पोस्टाने पाठवायला त्यांना दोन आठवडे लागणार होते. मी वही काढली. भिंगाखाली धरून तो शिक्का चांगला तळहाताएवढा मोठा करून काढला. रेघ न् रेघ. चिनी येत नसलं म्हणून काय झालं, नजर आणि हात आपले होते.

सोनं

पाच वाजायच्या सुमाराला परतलो. मुग्धाच्या दारातच नलू उभी. मी पायरीवरूनच "नक्षी परत येते!" असं ओरडलो, आणि या वेळी तिने ओरडू नका म्हटलं नाही. देवापुढे साखर ठेवायला गेली.

आपट्याची पानं साउथहॅम्प्टनला मिळत नाहीत. रस्त्यावरच्या झाडाची पिवळी झालेली दोन पानं उचलून मी रिनीबाईंकडे गेलो. त्या खिडकीपाशी पाय स्टुलावर टाकून बसल्या होत्या. पान हातात देऊन म्हणालो, "आमच्याकडे आज हे सोनं म्हणून देतात." आणि त्याच दमात कबुली दिली. शाल सोडून पांढरं पातं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं. टोकापासून सिंहापर्यंत.

"चव्वेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "वडील दर वर्षी धुवायचे. मी इथे आल्यापासून एकदाही धुतला नाही. नवरा म्हणायचा, ज्या किचनमध्ये मी बेकन खातो तिथे आर्सेनिक नको. तो गेल्यावर मला जमेना. दर वर्षी तो महिना आला की मी कपाटाकडे बघायचे नाही. लाज वाटायची." मग माझ्याकडे वळून, "चिंच कशाला? लिंबू नव्हतं?"

"नैवेद्याला लागत होतं," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की गुडघा दुखला. मी त्यांना पाणी दिलं, आणि मग सिंहाबद्दलचं सगळं सांगितलं. सही नाही, शिक्का आहे, पण जोडीला दुसरी वस्तू हवी. वही पुढे केली.

रिनीबाई काठी टेकत आत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. बटणं, दोरे, सुया, आणि तळाशी कापसात तीन ब्रोच, एका साखळीने जोडलेले. "आई हे ब्लाउजला लावायची. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी केलेले. मागे काहीतरी खरबरीत आहे, पण माझ्या डोळ्यांना काय आहे ते कधी दिसलं नाही."

मी खिशातलं भिंग काढलं. पहिल्या ब्रोचच्या पाठीवर चौकोन. चौकोनात अक्षर. माझ्या चित्राशेजारी धरलं.

जुळेना. कुठेच जुळेना. ब्रोचवर वरच्या अंगाला आडवी रेघ, माझ्याकडे खालच्या. त्यांच्याकडे पाय फाकलेले, माझ्याकडे हात वर.

रिनीबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ताडलं. "नाही?"

मी वही बंद करायला घेतली आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मिस वॉरननी नळकांडं तोंड खाली करून धरलं होतं. मी वही फिरवली.

पाय फाकले. रेघ वर गेली. टोकाचा छोटा झटकासुद्धा जागच्या जागी येऊन बसला.

"मी उलटं काढलं होतं," मी म्हणालो.

रिनीबाईंनी भिंग हिसकावून घेतलं. आधी ब्रोच, मग वही, मग ब्रोच. मग दुसरा ब्रोच, मग तिसरा. तिन्हींवर तेच. भिंग खाली ठेवलं, फोन ओढला आणि हॉलंडचा नंबर न बघता फिरवला.

त्या जावाच्या भाषेत बोलत होत्या, मधेच डचमध्ये शिरत होत्या. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. पण साठ वर्षं हसणाऱ्या थोरल्या भावाला धाकटी बहीण धारेवर धरते तेव्हाचा सूर मला आमच्या घरातही ओळखीचा आहे. दोनदा त्या बोटाने माझ्याकडे निर्देश करून काही म्हणाल्या. पलीकडून काहीतरी आलं. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"तुम्हीच का ते अक्षर उलटं काढणारे?" एक खरखरीत म्हातारा आवाज इंग्रजीत म्हणाला.

"हो. मीच."

"मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? पुन्हा बघा. सावकाश बघा."

मी पुन्हा बघितलं. सावकाश. एकेका रेघेवर बोट ठेवून मनात मोजलं.

"एकच आहे," मी म्हणालो. "तोच शिक्का. तुमच्या आईच्या लग्नातल्या ब्रोचवर आणि वडिलांच्या म्यानावर. सिंहाचं सांगता येत नाही. पण चांदी तुमच्या आजोबांची."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी पाहुण्यांसमोर हसायचो," तो आवाज म्हणाला. त्यापुढे त्याला बोलता आलं नाही, आणि त्याने फोनही ठेवला नाही.

रिनीबाईंनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला. भांडणाचा सगळा सूर आता उतरला होता. त्या त्याला हळू आवाजात एकच काहीतरी म्हणाल्या, मग पुन्हा तेच म्हणाल्या. मी दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि मागच्या बाजूने घरी आलो.